यशाचा अर्णव आणि वणीचा वकील

लोकनायक बापूजी अणे यांचा ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ मी धंतोलीत, एका वृद्ध वकील स्नेह्यांच्या ओसरीवर बसून चाळला. वाचला असे म्हणवत नाही. माझे संस्कृत मॅट्रिकपुरते. अडलेला श्लोक वकीलसाहेबांनी सोडवायचा आणि मग मी पुढे सरकायचे, असा तो क्रम होता. तेव्हा पंडितांनी हे लिहिणे एका कादंबरीकाराची तक्रार समजावी.

तक्रार अशी की, बापूजींनी टिळकांचे महाकाव्य रचले, आणि ज्या माणसाची कादंबरी व्हायची त्याला बाहेरच ठेवले. तो माणूस म्हणजे ते स्वतः. जन्म वणीचा, १८८० चा, वकिली यवतमाळला, वळण जुने, गुरू टिळक. गुरूमागे गांधींचे युग आले, तरी यांची ओढ प्रतियोगी सहकारितेकडेच. आणि तरीही १९३० च्या जुलैत हा माणूस पुसदला जंगल सत्याग्रहात उतरला! वऱ्हाडाला समुद्र नाही, मीठ करणार कुठून? म्हणून राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडायचा. गुराढोरांच्या मुलखाला मिठापेक्षा ही गोष्ट अधिक कळणारी होती. ते तुरुंगात गेले. पुढे १९३४ मध्ये जातीय निवाड्यावरून मालवीयांबरोबर काँग्रेसपासून वेगळे झाले; १९४१ मध्ये तर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले.

आणि १९४३ च्या फेब्रुवारीत गांधींनी एकवीस दिवसांचा उपवास मांडला, तेव्हा त्यांनी ती जागा सोडली. ज्याचा मार्ग पटत नाही त्याच्या प्राणांसाठी अधिकार सोडायचा! मी त्या एका रात्रीला तीन प्रकरणे दिली असती.

वकीलसाहेबांना हे मान्य नाही. ‘निष्ठावंताने स्वतःविषयी लिहू नये,’ ते म्हणतात. वृत्तावरची पकड उतारवयातही सुटली नाही, हे त्यांचे म्हणणे मी निमूटपणे स्वीकारतो. पण आयुष्यात जी निष्ठा पावलोपावली परिस्थितीशी भांडली, तिला महाकाव्यात भांडायला कोणी उरत नाही. नावातच यश आहे. शंकेला जागा कोठून मिळणार? शिवाय भाषा. १९६२ मध्ये नागपूरच्या ज्या मतदारांनी त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत धाडले, त्यांच्यापैकी कितींना हा ग्रंथ वाचता आला असता? बापूजी १९६८ मध्ये गेले. साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७३ चा. माझ्या वर्गातल्या मुलांना त्यांचे नाव चौकातल्या पाटीवरून ठाऊक असते, इतकेच.

ग्रंथ परत करताना मी विचारले, ‘वकीलसाहेब, याचे साधे मराठी गद्य कराल का?’

‘श्लोक काढला तर उरेल काय, मास्तर?’

मला तेच पाहायचे होते.