काळे ठिपके मोजून काय कळतं?

दहावीतली एखादी मुलगी बाईंना गाठून हळूच विचारते, “माझ्या सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ आलंय. म्हणजे पोटात गाठी आहेत का?” घरात तोवर ‘हिला मूल होणार का’ इथपर्यंत चर्चा गेलेली असते.

गाठी नाहीत, हे आधी सांगू या. सोनोग्राफीत द्रवाने भरलेली जागा काळी दिसते, कारण तिथून प्रतिध्वनी परत येत नाही. अंडाशयातले ते काळे ठिपके म्हणजे २ ते ९ मिलिमीटरच्या, वाढता वाढता थांबलेल्या पुटिका. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ साली सात स्त्रियांचं वर्णन केलं, तेव्हापासून हा ‘गाठीं’चा गैरसमज चालत आला. अमेरिकेत २०१२ साली तज्ज्ञांच्या एका समितीने हे नावच बदला, अशी शिफारस केली होती.

आता किती ठिपके म्हणजे आजार? १९८६ साली निकष होता एका छेदात १०. रॉटरडॅमच्या २००३ सालच्या बैठकीत ठरलं, अख्ख्या अंडाशयात १२. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१८ साली आकडा २०वर नेला. मोजण्याची रीत बदलली हे खरं, पण १२चे २० का झाले? बायकांची अंडाशयं बदलली नाहीत, यंत्रं बदलली! हे गणित वर्गात जरूर करून घ्यावं. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. साडेतीन मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी येते ०.४४ मिलिमीटर, आठ मेगाहर्ट्‌झला ०.१९. तरंगलांबी लहान, तितका तपशील बारीक. पूर्वी न दिसणाऱ्या पुटिका दिसू लागल्या, आणि जुन्या आकड्याने निरोगी स्त्रियाही रोगी ठरू लागल्या.

आमचा आक्षेप यंत्रावर नाही. प्रौढ स्त्रीत पाळीची अनियमितता किंवा पुरुषी संप्रेरकांचं आधिक्य यांपैकी एकच लक्षण असेल, तर सोनोग्राफीने निदानाला आधार मिळतो. दोन्ही असतील आणि थायरॉइडसारखी इतर कारणं वगळली असतील, तर तिची गरजच नाही. आक्षेप आहे तो पंधरा वर्षांच्या मुलीला उठसूट या तपासणीला पाठवण्यावर. या वयात पुष्कळ पुटिका दिसणं स्वाभाविकच असतं. म्हणून तीच मार्गदर्शिका सांगते, की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये. बाराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीने विसाव्या वर्षापर्यंत थांबायला हवं. आम्हाला मात्र असे रिपोर्ट शाळकरी मुलींच्या हातात दिसतात, तेही पाळीबद्दल एक प्रश्न न विचारता दिलेले.

याचा अर्थ तक्रार झटकून टाकावी असा नाही. आजार खरा आहे, त्यात इन्सुलिनचं काम बिघडतं आणि पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणून बाईंनी ठिपक्यांऐवजी तारखा विचाराव्यात. पहिली पाळी कधी आली? पहिल्या वर्षातली अनियमितता नेहमीचीच. तीन वर्षं उलटल्यावरही दोन पाळ्यांतलं अंतर २१ दिवसांहून कमी किंवा ३५ दिवसांहून जास्त राहत असेल, तर मुलीला तारखांच्या वहीसकट डॉक्टरांकडे पाठवावं.