‘रणदुंदुभि’तील तेजस्विनी
अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभि’ (१९२७) नाटकातील तेजस्विनी हे वऱ्हाडातील स्त्रीजागृतीचे प्रमाण होय, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य करवत नाही. तिचा स्वातंत्र्यावेश प्रेक्षकांनी ऐकला तो मास्टर दीनानाथांच्या कंठातून. त्याच नाटककाराच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षे’तील मृणालिनीही केशवराव भोसल्यांनीच रंगविली. नायिकेचे प्रेम व आकांक्षा पुरुषाने लिहिली, पुरुषानेच वठविली. पदे श्रवणीय, हे निर्विवाद. आणि पुरुषवर्गास कशी स्त्री हवी होती, यास पुरावाही उत्तम. स्त्रीची स्वतःची साक्ष पाहिजे असल्यास अभ्यासकाने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ उघडावी. ती १८८२ सालची, म्हणजे या नाटकाच्या ४५ वर्षे आधीची. आणि तीत नाटककारांचीही गय केलेली नाही.