‘शट डाऊन’ : क्रिया आणि कर्ता

इंग्रजी क्रियापदाला ‘डाऊन’, ‘अप’, ‘ओव्हर’ यांसारखे अव्यय जोडले गेले की सिद्ध होणारा अर्थ पुष्कळदा घटकांच्या बेरजेतून सांगता येत नाही. ‘शट डाऊन’मधील ‘डाऊन’ दिशा दाखवीत नाही. क्रियेची पूर्णता सुचविते. परंतु या क्रियापदाचे मराठीकरण हा केवळ शब्दार्थाचा प्रश्न नाही. कर्त्याच्या निर्देशाचाही आहे.

इंग्रजीत ‘शट डाऊन’ सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही रीतींनी योजता येते. मराठीला मात्र निवड करावी लागते. ‘बंद होणे’ तटस्थ आहे. ‘बंद पडणे’ अनिच्छित. ‘बंद करणे’ कर्त्याच्या अधिकारातील. ‘बंद पाडणे’ दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध घडविलेले. ‘डाऊन’ आणि ‘पडणे’ यांतील अधोगतीचे साम्य म्हणूनच फसवे ठरते.

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसरात या भेदाला व्यवहाराचे वजन आहे. येथे १९६९ पासूनचे अणुवीज केंद्र आहे आणि मोठी औद्योगिक वसाहतही. यंत्रांच्या व्यवहारात हे क्रियापद नाम होऊन येते : ‘शटडाऊन घेतला’. शब्द परका, पण क्रियेमागील नियोजन व्यक्त करण्याचे काम ‘घेणे’ या मराठी क्रियापदाकडेच राहते. या उसनवारीला केवळ आळस म्हणता येणार नाही. अणुभट्टीतील विखंडनाची साखळी थांबली तरी किरणोत्सारी क्षयातून उष्णता निर्माण होतच राहते आणि शीतकरण चालू ठेवावे लागते. ‘बंद’ या शब्दात ही चालू राहणारी जबाबदारी सामावत नाही.

कारखान्यांच्या संदर्भात मात्र प्रश्न उलट आहे. जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्यातील १९८८ च्या दुरुस्तीने प्रदूषण नियंत्रण मंडळांना उद्योग बंद करण्याचे आदेश देण्याचा अधिकार दिला. अशा आदेशानंतर ‘कारखाना बंद पडला’ असे लिहिले, की आदेश देणारा आणि नियम मोडणारा दोघेही वाक्यातून नाहीसे होतात. कामगाराची बेकारी तेवढी दैवगती होऊन उरते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या ‘बंद पडल्या’, ‘बंद पाडल्या’ की ‘बंद केल्या’, या वादाचे उत्तरही क्रियापदाच्या निवडीतच गृहीत धरले जाते.

औद्योगिक जीवनावरील लेखनाचा विचार करताना समीक्षेची दृष्टी आशय, अनुभव आणि बांधिलकी यांवर स्थिरावते. तिने क्रियापदाकडेही पाहावे. ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ यांत एका स्वराचे अंतर आहे; लेखकाची भूमिका अनेकदा त्याच अंतरात ठरते.