मुन्नाभाईची मिठी आणि मकसूदची लादी

आधीच सांगून टाकतो. 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा हसलो. एका ठिकाणी रडलोसुद्धा. तेव्हा हा खडूस माणूस आता नुसत्या शिव्या घालणार, असं समजून पान उलटू नका.

पिक्चर २००३ च्या डिसेंबरातला. दिग्दर्शक राजकुमार हिराणी, जन्मानं नागपूरचा. इस्पितळाचं ढोंग त्यानं बरोबर पकडलंय. डीन डॉ. अस्थाना पोरांना शिकवतो की पेशंटमध्ये गुंतायचं नाही. पेशंट म्हंजे शरीर, बास. राग आला की हा माणूस हसत सुटतो. हसणं ही त्याची ढाल. वर्षानुवर्षं निपचित पडलेल्या आनंदला तो पोरांपुढं नमुन्यासारखा मांडतो, आणि मुन्ना त्याच्याशी गप्पा मारतो. मरायला टेकलेल्या माणसाचा आधी फॉर्म कशाला भरायचा, हे मुन्नाच विचारतो. केसपेपरच्या लाईनीत ताटकळलेल्या आपल्या माणसांना हा प्रश्न कुणी समजावून द्यायला नको.

मग कॅन्सर झालेला झहीर मुन्नाच्या मिठीतच मरतो. सगळी मस्करी तिथं बंद पडते. मरणासमोर अस्थाना हसतो, मुन्ना रडतो, पण दोघांच्याही हातात काही नाही. पिक्चरमधली खरी जागा ही. इथवर माझं भांडण नाही.

भांडण पुढं आहे. मुन्नाचं खरं नाव मुरलीप्रसाद शर्मा. शर्मा! हा शर्मा डॉ. रुस्तमला धाकात घेऊन त्याच्याकडून प्रवेश परीक्षा लिहून घेतो आणि कॉलेजात घुसतो. थेटर टाळ्या पिटतं. तो शेवटी कॉलेज सोडतो, डॉक्टर होत नाही, हे खरं. पण क्षणभर समजा, पोरगं कांबळे असतं. दमदाटीनं नव्हे, राखीव जागेवर सरळ फॉर्म भरून आलेलं. त्याला दोन मार्क कमी असते तर हेच टाळ्या पिटणारे म्हणाले असते, असल्या डॉक्टरच्या हाती आमचा जीव कसा द्यायचा? शर्मा कॉपी करून आला तर कॉमेडी. कांबळे कायद्यानं आला तर गुणवत्तेचा खून. वा रे गुणवत्ता!

हॉस्टेलातली रॅगिंग घ्या. मुन्ना सीनियर पोरांवरच डाव उलटवतो. पोट धरून हसतो आपण. पण ज्याच्या पाठीशी सर्किट नाही त्या पोरानं काय करायचं? दिल्लीच्या एम्समधल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या वागणुकीची चौकशी करायला २००६ साली डॉ. सुखदेव थोरात यांची समिती नेमली गेली. २००७ च्या अहवालात सगळं आलं. जातीवरून होणारी रॅगिंग, वसतिगृहात ठराविक मजल्यांवर एकवटलेली आपली पोरं, शिक्षकांची दुजी नजर. त्या मजल्यांवर कुणी कॅमेरा नेलेला मी तरी पाहिला नाही.

आता लादी. म्हातारा सफाईवाला मकसूद लादी पुसतोय, लोक ओल्या लादीवरनं बिनदिक्कत चालतायत, तो खेकसतोय. मुन्ना जाऊन त्याला मिठी मारतो, आभार मानतो. म्हातारा विरघळतो. सुरेंद्र राजन या नटानं ते काम असं केलंय की घशात आवंढा येतो. पण नाव मकसूद ठेवलं आणि आपल्या जातीचा प्रश्न मिटला. मुसलमानांत झाडू मारणारे नाहीत असं मी म्हणत नाही. पण मुंबईच्या इस्पितळात झाडू कुठल्या वस्त्यांतून येतो हे मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पिक्चरला ठाऊक नाही.

पिक्चर येऊन अडीच वर्षं होतात न होतात तोच, २००६ च्या उन्हाळ्यात, ओबीसींच्या २७ टक्क्यांविरुद्ध मेडिकलची पोरं रस्त्यावर उतरली. निषेध म्हणून त्यांनी रस्ते झाडले, बूटपॉलिश केलं. म्हंजे आमच्या बापाचं रोजचं काम ही त्यांची नक्कल, त्यांचा विनोद. मकसूदच्या मिठीला रडलेली पोरंच असणार ती. दोन्ही गोष्टी एकाच छातीत मावतात, हेच तर दुखणं आहे. त्याच साली दुसरा भाग आला आणि मुन्ना गांधीगिरी करू लागला. मला आश्चर्य वाटलं नाही. मिठीपासून हृदयपरिवर्तनाचा रस्ता सरळच आहे. हक्काचा रस्ता वेगळ्या दिशेनं जातो.

माझी आई एका सरकारी इस्पितळात अकरा वर्षं ठेक्यावर लादी पुसायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. मावशीचा चहाचा कप मात्र वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. टीव्हीवर पिक्चर लागला होता. मिठीचा सीन आला तेव्हा मी मुद्दाम तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती हसली. पोरगं गुणाचं हाय, म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, "पर त्या म्हाताऱ्याला कायम केलं का?"

मी म्हटलं, "आये, पिक्चरमध्ये तसलं काय नसतंय."

"मग बदल की च्यानल."