बघायचं की बंद करायचं? दुःखद बातम्या आणि करुणरसाचा जुना प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्या बाईंनी विचारलं होतं, "सर, दिवसभर युद्ध, अपघात, आत्महत्या हेच बघून माझी झोप गेली आहे. मुलगी म्हणते, आई, बंद कर. पण बंद केलं की अपराधी वाटतं. तत्त्वज्ञान याबद्दल काय सांगतं?" वेळ संपत आली होती, मी तो प्रश्न हसण्यावारी नेला. घरी जाताना ते मनाला लागून राहिलं. कारण हाच प्रश्न मला पूर्वी माझ्याच घरात विचारला गेला होता आणि तेव्हाही मला उत्तर देता आलं नव्हतं.

माझे थोरले बंधू नाशिकला असतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पोस्टातून निवृत्त झालेले, वय तेव्हा ऐंशीला टेकलेलं. एप्रिल २०२१, म्हणजे करोनाची दुसरी लाट. २१ तारखेला नाशिकच्याच एका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. तो पांढरा धूर तुम्हीही पाहिला असेल. अण्णांनी तो किती वेळा पाहिला याची गणती नाही. त्यांना स्वतःला करोना झाला नाही, घरात कुणालाच झाला नाही. पण वजन सहा किलोने उतरलं. रात्री दोनला उठून ते झोपलेल्या वहिनींच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघायचे. वहिनींनी मला फोन केला. मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, तू आधी तो टीव्ही बंद कर बघू." ते म्हणाले, "बंद केला तर ती माणसं मरायची थांबतात का रे?"

मी तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस. गप्प बसलो.

आता या प्रश्नाकडे नीट बघू. अण्णांना जे झालं ते खरं दुखणं होतं की म्हातारपणचा हळवेपणा? २०१३ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या, त्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. मे महिन्यात तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली. आघातानंतरच्या मनोविकाराची व्याख्या करताना तिच्यात एक अट घातली आहे. भीषण तपशिलांचा वारंवार संपर्क आला तर तो आघात धरता येईल, पण तो संपर्क टीव्ही, सिनेमा, छायाचित्रं यांच्यामार्फत आलेला असेल तर धरायचा नाही. अपवाद फक्त ते पाहणं ज्यांच्या कामाचाच भाग आहे त्यांचा. म्हणजे चित्रफिती तपासणाऱ्या पोलिसाला आघात होऊ शकतो, अण्णांना नाही.

त्याआधी महिनाभर, १५ एप्रिलला, बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ॲलिसन होल्मन, डाना रोझ गारफिन आणि रोक्सॅन कोहेन सिल्व्हर या संशोधकांनी पुढच्या काही आठवड्यांत साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ त्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाशी संबंध आलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. पुस्तिका म्हणते हा आघात नव्हे, आकडे म्हणतात लक्षणं तर आहेत.

तुमच्या मनात आक्षेप आला असेल. ज्यांचं मन मुळातच घाबरं, तेच जास्त बघत नसतील कशावरून? आक्षेप रास्त आहे. याच संशोधकांच्या गटाने लोकांचा तीन वर्षं मागोवा घेऊन २०१९ मध्ये जे मांडलं, ते असं की हे चक्र आहे. एका घटनेच्या बातम्या फार पाहिल्या की पुढची काळजी वाढते आणि काळजी वाढलेला माणूस पुढच्या घटनेच्या वेळी अधिक पाहतो. एवढ्यावर मी हा भाग सोडतो. मला म्हणायचं आहे ते याच्या पुढे आहे. कारण मानसशास्त्र फार तर सांगेल, सहा तास बघू नका. अण्णांचा प्रश्न तासांचा नव्हता.

अण्णांच्या बाजूने बोलणारं पुस्तक म्हणजे सुझन सोंटॅग यांचं 'रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स', २००३ सालचं. बाई धीट होत्या. १९७७ च्या 'ऑन फोटोग्राफी'मध्ये त्यांनीच म्हटलं होतं की भीषण चित्रं वारंवार पाहिली की मन बधिर होतं. पंचवीस वर्षांनी त्या स्वतःलाच विचारतात, याला पुरावा काय? (आपल्याकडे किती विचारवंत स्वतःच्या गाजलेल्या सिद्धान्ताला असा प्रश्न विचारतात, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील.) मधल्या काळात त्या वेढ्यात अडकलेल्या साराएव्होत जाऊन राहिल्या, १९९३ मध्ये तिथे बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' बसवलं. त्या अनुभवानंतर त्यांचं म्हणणं असं झालं की ही चित्रं आपल्याला छळत असतील तर छळू द्यावीत. माणूस माणसाशी काय करू शकतो हे ती सांगतात आणि ते न बघण्याचा निरागसपणा मोठ्या माणसाला शोभत नाही.

पुस्तक थोर आहे, तरी माझी एक तक्रार आहे. सोंटॅगबाईंचा प्रेक्षक एकतर बधिर होतो, कंटाळतो, नाहीतर गंभीरपणे विचार करू लागतो. टीव्हीवरच्या प्रतिमेचा आज ना उद्या कंटाळा येणारच, असं त्या गृहीतच धरतात. तिसरी शक्यता त्यांच्या हिशेबात नाही. ती म्हणजे बधिर न होणारा, न कंटाळणारा, पण विचारही न करू शकणारा माणूस. आजारी पडणारा. अण्णांना कंटाळा आला असता तर वहिनींनी देवापुढे साखर ठेवली असती. शिवाय त्यांचा प्रेक्षक लांब असतो, सुरक्षित असतो, 'दुसऱ्यांचं' दुःख बघतो. अण्णा ज्या रुग्णालयाची चित्रं बघत होते ते त्यांच्याच गावातलं होतं. तिथे पुढच्या आठवड्यात आपणही असू, ही भीती काही खोटी नव्हती. हे दुःख दुसऱ्यांचं की आपलं, ते त्यांना ठरवताच येत नव्हतं.

आणि हे 'ठरवता न येणं' आपल्या साहित्यशास्त्राला चांगलं परिचयाचं आहे. मराठी समीक्षेत एके काळी एका प्रश्नावर फार शाई खर्ची पडली. नाटकातलं दुःख पाहून आपल्याला आनंद कसा होतो? न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली ती याच सुमारास. आपण पात्राशी एकरूप होतो, पण आपण आपणच आहोत हे भानही सुटत नाही. त्याही आधी, हजारएक वर्षांपूर्वी, अभिनवगुप्तांनी रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यांतलं एक असं, की हे सगळं अमुक ठिकाणी, अमुक वेळी, माझ्याच बाबतीत किंवा अमक्याच्याच बाबतीत घडतं आहे, असा पक्का आवेश मनात बसणं. हा आवेश बसला की शोकाचा करुणरस होत नाही. शोक शोकच राहतो. तो अंगावर येतो.

तुम्ही म्हणाल, सर, बातमी काय नाटक आहे का? नाही, आणि होऊही नये. पण मग ती नाटकाची साधनं का वापरते? २६ नोव्हेंबर २००८ ची ती बुधवारची रात्र आठवा. शनिवारी सकाळपर्यंत जवळजवळ साठ तास आपण घराघरांत ताजच्या घुमटाचा धूर पाहत होतो. १६६ माणसं गेली. शुक्रवारी नरिमन हाउसवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना थेट दाखवले गेले. पुढे २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले आणि २०१५ मध्ये केबलच्या नियमांत बदल होऊन अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आली. तो सगळा विचार सुरक्षेचा होता. घरी बसलेल्याच्या मनाचा विचार त्यात नव्हता. मी स्वतः ते तास सोफ्यावर काढले आहेत. मला आठवतं ते असं की कालचा धूर आणि आत्ताचा धूर यांत फरक कळेनासा झाला होता. तोच स्फोट पुन्हा, खाली पळणारी पट्टी, मागे ढोल वाजावेत तसं संगीत, निवेदकाचा टिपेचा सूर. संगीत, पुनरावृत्ती, जवळून घेतलेला रडणारा चेहरा ही सगळी रंगभूमीची साधनं. पण रंगभूमीवर ती एका शेवटाकडे नेतात. पडदा पडतो, दिवे लागतात, माणूस डोळे पुसून बटाटेवडा खायला बाहेर जातो. इथे पडदाच नाही. शोक जागा करायचा, त्याला पूर्ण होऊ द्यायचं नाही, जाहिरातीनंतर पुन्हा जागा करायचा. माझा आक्षेप या रचनेवर आहे.

भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक ज्यांनी वाचला आहे त्यांना चित्रदर्शनाचा प्रसंग ठाऊक असेल. गर्भवती सीतेचं मन रमावं म्हणून लक्ष्मण त्यांच्याच वनवासाची चित्रं दाखवतो. शूर्पणखेचं चित्र पाहून सीता दचकते. राम तिला समजावतो की अगं, हे चित्र आहे. पण थोड्या वेळाने जनस्थानाची, माल्यवान पर्वताची चित्रं येतात आणि समजावणारा रामच कोसळतो. लक्ष्मणाला म्हणतो, पुरे, आता सहन होत नाही. लक्ष्मण थांबतो. रामाला कुणी भेकड म्हणत नाही, बेजबाबदारही म्हणत नाही. त्याने पाहिलं, त्याला पुरेसं झालं, त्याने थांबवलं. चित्रं दाखवणारा मनुष्य समोर होता आणि पाहणाऱ्याचा चेहरा त्याला दिसत होता, एवढाच काय तो त्यांच्यात आणि आपल्यात फरक. वाहिनीला अण्णांचा चेहरा दिसत नाही. मोबाइलला तर वेगळ्या अर्थाने दिसतो. आपण कुठे थबकलो ते त्याला कळतं आणि त्याच जातीचं आणखी पुढे सरकवतो. लक्ष्मणाच्या नेमकं उलट.

तर अण्णांना मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं? 'बंद कर' म्हणणं चूक होतं, कारण त्यात असं येतं की ती माणसं तुझी कुणी नव्हेत. बंधन त्यांना बरोबर जाणवत होतं. पण तोच धूर चाळीस वेळा पाहिल्याने ते बंधन पाळलं जातं, हा समज चुकीचा होता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते साक्षीदार होते. चाळिसाव्यांदा ते साक्षीदार नव्हते, तो धूर त्यांना दिसतही नव्हता. त्यांना फक्त वहिनींचं नाक दिसत होतं.

हे मी आज म्हणतोय. तेव्हा काही सुचलं नाही. झालं ते असं. त्यांच्या इमारतीत वर्तमानपत्र बंद होतं ते जूनमध्ये पुन्हा सुरू झालं. अण्णा भिंग घेऊन आतल्या पानावरच्या निधनवार्ता वाचू लागले. मला वाटलं, हे तर आगीतून फुफाट्यात. पण त्यांत त्यांना पोस्टातले, गल्लीतले ओळखीचे लोक सापडायचे. मग ते त्या घरी पत्र टाकायचे. फोन नव्हे, पोस्टकार्ड. चार ओळी. वहिनी म्हणाल्या की कार्ड पेटीत टाकून आले की ते जेवतात. वजन थोडं भरून आलं. रात्री दोनला अजूनही उठतात. टीव्हीही बघतात, संध्याकाळी सातच्या बातम्या, आणि त्यावर मला फोन करून भांडतात.

वेळ झाली. त्या प्रश्न विचारणाऱ्या बाई आज आल्या आहेत का? आल्या असतील तर त्यांना आधी बोलू द्या.