रिक्त जागा आणि लोकप्रियता : ‘सोनू’ व जात्यावरची ओवी

लोकप्रियता हा मराठी समीक्षेने बहुधा दुय्यम लेखलेला विषय आहे. आंतरजालावरील एखादी चित्रफीत अल्पावधीत लाखोंपर्यंत पोहोचली, की तिचे श्रेय उथळ अभिरुचीला किंवा यंत्राच्या शिफारशीला देऊन प्रश्न मिटवला जातो. यूट्यूबने २०१२पासून शिफारशींसाठी दृश्यसंख्येपेक्षा पाहण्यात गेलेल्या वेळेला अधिक महत्त्व दिले, हे खरे; परंतु शिफारस संहिता पुढे करते, ती लोकांच्या तोंडी बसवत नाही.

२०१७मध्ये गाजलेले ‘सोनू’ हे गाणे या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. त्याच्या शब्दांत अर्थघनता नाही. मात्र एकाने ओळ टाकावी, इतरांनी तिचा शेवट उचलावा आणि संबोधनातील नाव कोणीही बदलावे, अशी त्याची घडण आहे. वोल्फगांग इझर संहितेतील ज्या रिक्त जागांची चर्चा करतो, त्या वाचक मनात भरतो. येथे त्या चारचौघांत भरल्या जातात. जुलै २०१७मध्ये रेडिओ-निवेदिका मलिष्का यांनी याच साच्यात मुंबईतील खड्डे बसवले, तेव्हा सत्ताधारी शिवसेनेच्या बाजूने आलेले प्रत्युत्तरही त्याच चालीवर होते. तक्रार आणि तिचे खंडन या दोहोंना सामावून घेणारा हा साचा प्रेक्षकालाच रचनाकार करतो. त्याच्या प्रसाराचे मर्म येथे आहे.

हे तत्त्व मौखिक परंपरेला नवे नाही. तिकोणा पेठ ज्या पवन मावळात वसली आहे, त्या मावळ-मुळशीच्या डोंगरपट्ट्यासह महाराष्ट्रातील अनेक खेड्यांतून हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. ओवीचा साचाही खुलाच : ठरीव चरणार्धात प्रत्येक बाई आपला भाऊ, आपले गाव, आपले दुःख घालते. २०१७मध्येच ‘पारी’ या संकेतस्थळाने या ओव्या ध्वनिमुद्रणे व चित्रफितींसह क्रमशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. तथापि ‘सोनू’प्रमाणे त्यांची लाट आली नाही.

याचे कारण संबोधनात शोधावे लागते. ‘सोनू’ नाव घेऊन एकाला हाक मारत असला तरी त्याला श्रोता म्हणून जमावच लागतो. ओवीतील बाई जात्यापाशी मन मोकळे करते. तिला फार तर समोर बसलेली सोबतीण पुरते. शिवाय पिठाच्या गिरणीने तो पहाटेचा प्रसंगच संपवला, आणि प्रसंगाविना साचा खुला असूनही भरला जात नाही.

तेव्हा दृश्यसंख्या मोजते ती संहितेची जमावाशी असलेली सलगी. तिची वाङ्मयीन खोली नव्हे. संख्येलाच मूल्य मानले, तर एकांतासाठी घडलेली वाणी मूल्यहीन ठरेल. आणि संख्येला दोष मानले, तर लोक आपला राग कोणत्या रूपात मांडतात, हे समीक्षेला कळणार नाही.