पत्र गुप्त, पत्ता उघडा

व्हॉट्सअ‍ॅपवर नवा संवाद सुरू केला की वरच्या बाजूला कुलपाचे लहानसे चिन्ह आणि एक सूचना दिसते. आपले संदेश आपण आणि समोरची व्यक्ती यांच्याखेरीज कोणालाही वाचता येत नाहीत, असा तिचा आशय असतो. हे विधान खरे आहे. एप्रिल २०१६ पासून तेथील खाजगी संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच कूटबद्ध होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उलगडतात; मधल्या सर्व्हरला दिसतो तो केवळ निरर्थक अक्षरांचा पुंजका. माझा आक्षेप विधानाला नाही, त्यावरून आपण काढतो त्या निष्कर्षाला आहे. संदेश गुप्त आहे म्हणजे मीही गुप्त आहे, असे आपण धरून चालतो. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

बंद पाकिटातले पत्र पोस्टमन वाचत नाही, पण ते कोणाकडून कोणाला, कधी आणि किती वेळा गेले हे त्याला दिसते. एवढ्यावरून काय कळणार, असे वाटेल. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी आठशेहून अधिक स्वयंसेवकांच्या दूरध्वनींच्या केवळ नोंदी तपासल्या आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका व्यक्तीला हृदयरोग विभागातून मोठा फोन आला होता, मग एका प्रयोगशाळेशी बोलणे झाले, औषधाच्या दुकानातून फोन आले आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणाच्या मदतकेंद्राला फोन गेले. संभाषणाचा एक शब्दही न ऐकता आजार कळला!

तेव्हा अशा सेवेचे परीक्षण करताना कुलूप किती मजबूत आहे याच्या बरोबरीने सर्व्हरला काय काय ठाऊक असते, हेही विचारायला हवे. त्यात पहिला अडथळा येतो तो मोबाइल क्रमांकाचा. भारतात सिमकार्ड घेताना ओळखपत्र द्यावे लागते. म्हणजे क्रमांक हे जवळजवळ नावच. शाळेच्या पालक-गटात साठ जण असतील, तर प्रत्येकाचा क्रमांक उरलेल्या एकोणसाठ जणांना दिसतो, आणि ते आपण कधी ठरवलेलेही नसते.

आपल्या ओळखीचे कोण कोण या सेवेवर आहेत हे शोधण्यासाठी फोनमधली क्रमांकांची यादी सर्व्हरवरील यादीशी ताडून पाहावी लागते. क्रमांक जसाच्या तसा न पाठवता त्याचा हॅश पाठवला, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या गणिती रीतीने त्याचा चुरा करून पाठवला, तर ओळख झाकली जाईल, असे सांगितले जाते. हा दावा विद्यार्थ्यांनी वर्गातच तपासावा. भारतीय मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता फक्त ४०० कोटी. संगणक सेकंदाला दहा लाख हॅश काढतो असे धरले (हा हिशेब फारच उदार आहे), तरी सगळ्या क्रमांकांची यादी तयार व्हायला ४००० सेकंद पुरतात, तासाहून थोडे अधिक. चुरा उलट फिरवता येत नाही हे खरे, पण प्रत्येक शक्य वस्तूचा चुरा आधीच करून ठेवता येत असेल तर उलट फिरवायचे कारणच उरत नाही.

यापुढचा धक्का २०२५ मध्ये बसला. व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या याच शोधसोयीला ताशी दहा कोटींहून अधिक क्रमांक विचारले आणि सुमारे ३५० कोटी खात्यांची यादी मिळवली. ज्यांचे छायाचित्र सर्वांसाठी खुले होते त्यांचे छायाचित्रही मिळत होते. कंपनीने नंतर विचारणांच्या वेगावर मर्यादा घातली. या सगळ्या काळात कुलूप शाबूतच होते.

या बाबतीत सिग्नल या सेवेचा विचार अधिक खोल आहे. जे ठेवायची गरज नाही ते ठेवायचेच नाही, हे तिचे तत्त्व. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयीन आदेशानुसार तिच्याकडे एका खात्याची माहिती मागितली गेली, तेव्हा खाते कधी उघडले आणि शेवटचा संपर्क कधी झाला एवढ्या दोनच वेळा तिला देता आल्या. आपल्याकडच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या सेवांना संदेशाचा पहिला प्रेषक ओळखता आला पाहिजे, अशी अट आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. या वादात खरा प्रश्न हाच आहे की सर्व्हरने मुळात जाणावे किती.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सिग्नलने प्रेषकाचे नावही पाकिटाच्या आत टाकले. सर्व्हरला आता फक्त घेणाऱ्याचा पत्ता दिसतो. कल्पना सुंदर आहे, पण ती जितकी झाकते असे वाटते तितकी झाकत नाही. संदेश पोचला की घेणाऱ्याचा फोन आपोआप पोच पाठवतो. सुनीताला संदेश आला आणि लगेच रमेशला काहीतरी आले, असे पुन्हा पुन्हा घडले, तर लिहिणारा कोण हे सांगायला नाव कशाला हवे? अमेरिकी संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की यासाठी पाचच संदेशसुद्धा पुरू शकतात. सिग्नलने, प्रामाणिकपणे, पद्धत जाहीर करतानाच वेळेचा आणि आयपी पत्त्याचा प्रश्न बाकी असल्याचे म्हटले होते. पुढे कौतुक करणाऱ्यांनी मात्र ते वाक्य गाळले.

क्रमांकाचा प्रश्नही अर्धाच सुटला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून सिग्नलवर टोपणनाव घेऊन आपला क्रमांक इतरांपासून लपवता येतो, पण नोंदणीला क्रमांक लागतोच. स्वित्झर्लंडची थ्रीमा ही सेवा क्रमांक न मागता आठ अक्षरांची ओळख देते, म्हणजे तसे करणे शक्य आहे. मात्र क्रमांक काढला की खोटी खाती उघडणे स्वस्त होते आणि नको त्या संदेशांचा पूर येतो, ही अडचण खरी आहे.

पोचेवरून होणारी ओळख टाळण्याचा उपाय डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्येच सुचवला होता. मधल्या स्थानकाने संदेश लगेच पुढे न धाडता पुरेसे जमेपर्यंत थांबायचे, त्यांची सरमिसळ करायची आणि मग सगळे एकदम सोडायचे.

हे वर्गात करून पाहता येते. तीस मुलांनी फक्त घेणाऱ्याचे नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या एका पेटीत न दिसता टाकाव्यात, एका मुलाने टपालवाला होऊन त्या वाटाव्यात आणि चिठ्ठी मिळताच प्रत्येकाने ‘मिळाली’ अशी उलट चिठ्ठी टाकावी. टपालवाल्याने कोणानंतर कोणाला चिठ्ठी गेली एवढेच फळ्यावर मांडावे. थोड्याच वेळात जोड्या दिसू लागतील. मग दहा चिठ्ठ्या जमल्याशिवाय वाटायचे नाही, असा नियम करावा. जोड्या ओळखणे अवघड होईल, आणि दोन मिनिटांत मुले ‘माझी चिठ्ठी अजून का नाही आली?’ म्हणून ओरडू लागतील.